चेक येईल, पण तुमच्या नावावर नाही

अटलांटाहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, आयटीत नोकरी, एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्डची रांग संपता संपत नाही. जॉर्जियाच्या नैऋत्येला, अर्ली काउंटीत, भुईमुगाची १०० एकर जमीन ५ लाख डॉलरला मिळते आहे. दीड लाख जुन्या कंपनीच्या ४०१-के या निवृत्ती खात्यातून काढायचे, उरलेले ८ टक्क्यांनी कर्जाऊ. जमीन तिथल्याच शेतकऱ्याला एकरी १५० डॉलर रोख खंडाने द्यायची. शिवाय दलाल म्हणतो, सरकार वर्षाला २०,००० डॉलर देतं. प्रश्न एवढाच: हे २०,००० इंडेक्स फंडात टाकू, की पुण्यातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीत आणखी भर घालू?

कुठे टाकायचे ते नंतर बघू. आधी येणार कुठून ते सांगा.

पीएलसी नावाचं हे अनुदान भुईमुगाचा सरासरी बाजारभाव ठरावीक भावाखाली घसरला तरच मिळतं. २०२५ च्या कायद्याने तो भाव टनाला ५३५ वरून ६३० डॉलर केला. दलालाचा उत्साह तिथलाच. बाजार ६३० च्या वर गेला की त्या वर्षी शून्य. मिळालंच तर पीक निघाल्यावर साधारण वर्षभराने, ऑक्टोबरात. आणि तेही पेरलेल्या एकरांवर नाही, सरकारदप्तरी नोंदलेल्या ‘बेस’ एकरांवर, त्यातल्याही ८५ टक्क्यांवर. तुम्ही पाठवलेल्या १५६-ईझेड फॉर्मवर, म्हणजे त्या सरकारी नोंदीच्या कागदावर, भुईमुगाचा बेस आहे ४० एकर, उत्पादन एकरी पावणेदोन टन. भाव ५०० धरला तरी सरकारी कपात जाऊन सात हजारांच्या आसपास बसतात. दलालाने सरळ शंभराने गुणलंय.

पण हे सातही तुमचे नाहीत. रोख खंडावर दिलेल्या जमिनीचं अनुदान कसणाऱ्याला जातं, कारण जोखीम त्याची. घरबसल्या मालकाने पैसे घ्यायचा काळ होता तो भुईमुगाच्या सरकारी कोट्याचा. २००२ च्या कायद्याने कोटा गेला. मग वाट्याने देऊ म्हणाल, तर तिथे तुमचा व्हिसा आडवा येतो. नागरिक नाही, ग्रीन कार्ड नाही, अशा माणसाने अनुदान हवं तर जमीन आणि भांडवलासोबत स्वतः शेतात भरपूर राबलं पाहिजे. एच-वन-बीवर ट्रॅक्टर चालवणार आहात?

आता कर्ज. साडेतीन लाखांचं व्याजच पहिल्या वर्षी २८,०००. खंड १५,०००. तेरा हजारांचा खड्डा, मुद्दल आणि मालमत्ता कर वेगळा. अनुदानाचे सात हजार मिळाले असते तरी भरला नसता.

आणि ४०१-के! दहा टक्के दंड, वर केंद्राचा आणि जॉर्जियाचा कर: दीड लाखातले ५५-६० हजार दारातच गेले. म्हणजे दीड लाखाचं डाउन पेमेंटसुद्धा पुरं होत नाही. तो पैसा आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात रोलओव्हर करा, म्हणजे न काढता थेट वळवा, आणि विसरा. सही केली नसेल तर करू नका. इसारा दिला असेल तर करारातली माघारीची मुदत याच आठवड्यात वकिलाकडून तपासून घ्या.

राहिली एफडी. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. ‘आणखी भर’ म्हणता, म्हणजे एक आधीच आहे. तिचं व्याज अमेरिकेतल्या रिटर्नमध्ये दाखवलंय का? परदेशी खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरलाय का? नसेल, तर दलालाआधी सीपीएला, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाला, फोन करा.