पुन्हा प्यायला, आता पुढे काय?

प्रश्न : मॅडम, मी एमए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपला एका व्यसनमुक्ती केंद्रात होते. ज्या काकांना घरी जाताना सगळ्यांनी टाळ्या वाजवून निरोप दिला, ते महिन्याभरात पुन्हा दाखल झाले. मला ते फार लागलं. घरचे म्हणतात, एचआर कर, या लोकांच्या मागे आयुष्य वाया घालवू नकोस. तुम्ही इतकी वर्षं या कामात कशा टिकलात? आणि यात संशोधन ते काय करायचं?
— एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : काका महिन्याभरात आले, याचा मला आनंद वाटतो. नोकरी गेल्यावर, लिव्हर खराब झाल्यावर, बायको माहेरी गेल्यावर येणारे मी रोज पाहते. लाज बाजूला ठेवून इतक्या लवकर त्याच दारात परत येणं सोपं नसतं. ते तुमच्या केंद्रावरच्या विश्वासानं आले.

संशोधनाचं विचारलंस म्हणून ॲलन मार्लट यांच्याबद्दल सांगते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, २०११ मध्ये गेले. त्यांची सारी कारकीर्द व्यसनावरच्या कामात गेली. त्या काळी पक्का समज होता की दारूच्या आजारी माणसाच्या पोटात एक घोट गेला की शरीरच ताबा घेतं, मग तो थांबूच शकत नाही. १९७३ मध्ये मार्लट आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. टॉनिक वॉटरमध्ये बेतानं मिसळलेली व्होडका चवीवरून ओळखू येत नाही, याचा त्यांनी उपयोग केला. निम्म्या लोकांना सांगितलं, यात व्होडका आहे. निम्म्यांना सांगितलं, नुसतं टॉनिक आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडे काहींच्या ग्लासात व्होडका होती, काहींच्या नव्हती. काम एवढंच, की चव कशी आहे ते सांगायचं, हवं तेवढं प्यायचं. जास्त प्यायले ते व्होडका आहे असं समजणारे, मग ग्लासात नुसतं टॉनिक का असेना. आणि खरी व्होडका असूनही टॉनिक समजणाऱ्यांनी कमी घेतली. दारूच्या आजारात असलेल्यांचंही तेच झालं.

यावरून कुणी ‘मग थोडी घ्यायला हरकत नाही’ असं समजू नये. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला मी शून्यच सांगते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. मार्लट यांनी दाखवलं की पहिल्या पेगनंतर माणूस स्वतःला काय सांगतो, यावर बरंच अवलंबून असतं. ‘झालं, मी असाच, माझ्याच्यानं होणार नाही’ असं एकदा मनानं घेतलं की दुसरी क्वार्टर त्या अपराधीपणातूनच येते. आणि आपण घरचे, शेजारचे, कधी कधी उपचार करणारेसुद्धा, तेच वाक्य त्याला ऐकवतो!

म्हणून माझं निम्मं काम स्लिप झाल्यानंतरच्या, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा घेतल्यानंतरच्या दिवसाचं असतं. पेशंट समोर खाली मान घालून बसतो. मी ‘का प्यायलास’ विचारत नाही. ‘काल सकाळपासून सांग’ म्हणते. ओळख बदलून एक सांगते. चाकणला नोकरी, पगाराचा दिवस. सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला. दुपारचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी कंपनीची बस असताना तो मित्राच्या बाईकवर बसला. मित्र नाशिक फाट्याला ‘दोन मिनिटं’ थांबला. हा म्हणत होता, ‘मॅडम, अचानक झालं.’ आम्ही कागदावर वेळेसकट लिहून काढलं, तर सकाळी अकरापासून ते चाललं होतं. उपाशी पोट, मनात राग, खिशात पैसे, बस सोडणं. बस सोडली तिथे त्यानं स्वतः पेनानं गोल केला. पुढच्या पगाराला बायको गेटवर आली आणि दोघं बसनं घरी गेली. मार्लट यांनी रिलॅप्सची, म्हणजे व्यसन पुन्हा सुरू होण्याची जी मोठी कारणं नोंदवली, मनाची वाईट अवस्था, भांडण आणि सोबत्यांचा आग्रह, ती तिन्ही या एका कागदावर होती.

जाता जाता, तुला आवडेल म्हणून. याच मार्लट यांनी सिएटलच्या एका तुरुंगात गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अभ्यास केला होता. शिबिर केलेल्यांचं सुटकेनंतर दारू आणि ड्रग्ज घेणं कमी झालेलं दिसलं. तलफ दाबायची नाही, ती वाढते आणि ओसरते हे बघायचं, ही पद्धत मी वापरते. आणि विपश्यनेचं केंद्र असलेली इगतपुरी आपल्यापासून किती लांब गं?

आता घरच्यांना सांगायला एक आकडा. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळतो. माणसं कमी पडतात, बाई. एमएनंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण घे. अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत, तेव्हा प्रवेशाआधी परिषदेची यादी बघच. पगार सुरुवातीला एचआरएवढा नसेल, हे खरं.

प्रश्न : नवरा रोज पितो. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पावडर मिळते म्हणतात, भाजीत घालायची. घालू का?
— एक भगिनी, धनकवडी

उत्तर : नका घालू, ताई. अशा पावडरीत काय असतं ते कुणीच सांगत नाही. डायसल्फिरम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि त्यावर ते प्यायले, तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब उतरतो. जिवावरही बेतू शकतं. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच देतात. रोजची दारू घरीच एकदम तोडायलाही लावू नका. हात थरथरणं, फिट येणं, दोन-तीन दिवसांत भ्रम होणं असं होऊ शकतं. ससूनचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला मुक्तांगण आहे. १४४४६ हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. ते यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी ‘सहचरी’ म्हणून वेगळा गट चालतो. तिथे बसा, बोला. आणि जाल तेव्हा ते रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, कुठली औषधं चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून न्या.