काडी फुटली, म्हणजे जगली असं नाही!

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: काडी लावली, आता पुढे? या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतली आहेत.

“गुलाबाच्या दहा काड्या लावल्या. आठ दिवसांत सगळ्यांना लालसर कोंब आले, घरात आनंदीआनंद. महिना होत आला तशा एकेक काळ्या पडत गेल्या. पाणी तर रोज घालत होते.” (डोंबिवली)

रोज घालत होतात, तिथेच निम्मं उत्तर आहे. पण आधी त्या कोंबांबद्दल. काडीला पहिली पालवी फुटते ती तिच्या पोटातल्या शिल्लक अन्नावर. मुळांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. गाठीला बांधलेली शिदोरी चार दिवस पुरते, तसंच हे. पानं उलगडली की त्यांतून पाणी उडायला लागतं, खालून भरून द्यायला मुळं नसतात आणि काडी मान टाकते. म्हणून पहिल्या पालवीवर हुरळून जाऊ नका. ती थबकते, मग काही दिवसांनी पुन्हा नवी पानं येतात किंवा कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावतं. ती जगल्याची खरी खूण, आणि तोवर सहा ते आठ आठवडे जातात. मधल्या काळात काडी उपटून ‘बघू तरी’ म्हणायचं नाही. मी लहानपणी रोज बघायचो, आणि माझी एकही काडी जगली नाही.

आता काडी निवडायची कशी? जिच्या टोकाचं फूल नुकतंच झडलंय अशी, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी 15 ते 20 सेंमी, डोळे (जिथून कोंब फुटतो ते उंचवटे) तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. या तिरक्या-सरळाचा एक फायदा असा की काडी उलटी लावली जात नाही (उलटी लावणारे कमी नाहीत!). खालची पानं काढा, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापा. अर्धी काडी मिश्रणात गेली पाहिजे.

मिश्रण म्हणजे धुतलेली रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं. शेणखत आत्ता नको. मुळंच नाहीत तर जेवणार कोण? उलट कापलेला भाग कुजायला मदत होते. आणि ते रोजचं पाणी: मूठभर मिश्रण दाबलं तर एखादा थेंब पडावा, धार लागू नये, नाहीतर काडी कुजून काळी पडते. वर प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती पालथी घाला, झाकण उघडं ठेवा आणि कुंडी सावलीत असू द्या. बाटलीवर ऊन आलं तर आत काडी शिजते.

आणखी एक. देशी गुलाब, एडवर्ड हे काडीवर सहज येतात. रोपवाटिकेतले मोठ्या फुलांचे गुलाब मात्र जंगली गुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा बसवून (डोळा भरून) केलेले असतात. त्यांची काडी लागली तरी स्वतःच्या मुळांवर ते झाड बहुधा लेचंपेचं राहतं. आणि फांदी जोडाच्या खालून घेतलीत, तर नवं झाड जंगली गुलाबाचंच होईल.

“काडी बटाट्यात खोचून लावायची की मधात बुडवून? व्हिडिओत दोन्ही दाखवतात.” (सातारा)

बटाटा भाजीत घाला. मातीत तो कुजतो, नाहीतर त्यालाच कोंब येतात. मध कापावरची बुरशी थोडीफार रोखेल, पण मुळं फुटायला लावणारं त्यात काही नाही. ते काम करतं आयबीए नावाचं संजीवक. शेतीच्या दुकानात त्याची पावडर मिळते. चिमूटभर कागदावर काढून घ्या, ओलसर टोक त्यात बुडवा आणि झटका. जास्त लावली म्हणून जास्त मुळं येत नाहीत. जास्वंद, क्रोटन, तगर यांना तर तिचीही गरज नसते.

“मनी प्लांटच्या बाटल्यांत डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून तपासणीला आलेल्यांनी सगळ्या ओतून टाकायला लावल्या. आता काय करू?” (पुणे)

त्यांचं चुकलं नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यावर जगतो. आठवड्यातून एकदा, शक्यतो दोनदा पाणी बदला आणि बाटली आतून ब्रशने घासा. अंडी काचेला चिकटून राहतात, ती नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पुदिना, तुळस, मनी प्लांट यांची मुळं दोन-तीन सेंमी झाली की सरळ कुंडीत लावून टाका. जास्त दिवस पाण्यात वाढलेली मुळं नाजूक होतात आणि मातीत गेल्यावर रुसतात. मनी प्लांटचं पेर (दांड्यावर पान फुटतं ती गाठ) पाण्यात बुडलंच पाहिजे. पेराशिवाय नुसतं पान कितीही दिवस हिरवं राहील, त्याचा वेल होत नाही.

“कढीपत्त्याची फांदी काही केल्या लागत नाही. आणि लेक अमेरिकेत आहे, तिला एक रोप नेता येईल का?” (नागपूर)

फांदीचा नाद सोडा. जुन्या झाडाच्या आजूबाजूला मुळांवरून पिलं फुटतात. त्यातलं वीतभर उंचीचं निवडा, आईच्या बाजूचं मूळ कुदळीने तोडा, पण उपटू नका. तीन-चार आठवडे ते तिथेच स्वतःच्या पायावर उभं राहू द्या, मग मातीच्या गोळ्यासकट काढा. नाहीतर पिकून काळी झालेली फळं घ्या, गर धुऊन बी लगेच पेरा. जुनं बी रुजत नाही.

लेकीसाठी मात्र रोप नको, पालाही नको. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्या कुळातला, आणि त्यावर राहणारी सिला ही पिटुकली कीड संत्र्याचा ग्रीनिंग रोग पसरवते. नागपूरकरांना सिला काय आहे ते मी सांगायला नको. अमेरिकेतल्या विमानतळावर ताजी पानं सामानातून काढून घेतात, ती याचसाठी.

“मोगरा काडीवर लावू की दाब देऊन?” (रत्नागिरी)

दाब देऊन. खालची लवचीक फांदी वाकवा, मातीत जाईल तिथे पेराखाली सालीला थोडा छेद द्या, वर माती आणि एक दगड. काडीची शंभर पथ्यं, याला एकही नाही, कारण मुळं येईपर्यंत आई तिला पाजत असते.

“हापूसची फांदी आणली आहे. बाल्कनीत लावू?” (ठाणे)

लागणार नाही. कोकणात त्यासाठी कोयकलम करतात: पावसाळ्यात रुजवलेल्या कोयीच्या कोवळ्या, तांबूस दांड्यावर तेवढ्याच जाडीची हापूसची काडी पाचर मारून बांधतात. फांदीच लावायची हौस असेल तर अंजीर लावा. झाडाची पानं झडल्यावर वर्षभराची पक्की, अंगठ्याएवढी जाड काडी घ्या, कापातला चीक थांबेपर्यंत सावलीत ठेवा आणि मग कुंडीत खोचा.