स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांसाठी राहण्याच्या कोणकोणत्या सोयी असतात?

हॉटेलांखेरीज युवा वसतिगृहे, शेतावरील खोल्या, कॅम्पिंगची मैदाने आणि भाड्याने मिळणारी सुसज्ज घरे असे पर्याय आहेत. सहकुटुंब जाणाऱ्यांनी शक्यतो घरच घ्यावे, कारण तिथल्या उपाहारगृहांचे दर पाहता स्वतः वरणभात शिजवता येणे ही मोठी बचत ठरते. मात्र सुट्टीच्या हंगामात अशी घरे अनेकदा शनिवार ते शनिवार अशीच दिली जातात आणि सफाईचे पैसे वेगळे आकारले जातात.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एक रात्र तरी आल्प्समधल्या हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या साध्या मुक्कामघरात, काढावीच, असे मला मनापासून वाटते. १८६३ साली स्थापन झालेल्या स्विस अल्पाइन क्लबचे असे सुमारे दीडशे हट आहेत आणि बहुतेक ठिकाणी पायीच पोहोचावे लागते. दाराशी बूट काढून तिथल्या सपाता घालायच्या, सामायिक खोलीतल्या गादीवर स्वतः नेलेली पातळ झोपण्याची पिशवी पसरायची आणि ठरल्या वेळी सर्वांच्या पंगतीत जेवायला बसायचे, अशी तिथली रीत आहे. शाकाहारी असल्यास आरक्षण करतानाच कळवावे.

बाझेल शहरात हॉटेलात उतरणाऱ्यांना गेस्ट कार्ड मिळते, त्यावर शहरातील ट्राम व बसचा प्रवास मोफत असतो, म्हणून वेगळा पास काढण्यापूर्वी चौकशी करावी.