पत्र्याच्या घरासाठी गोधडी: साड्या, शाल, कापूस की फायबर?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घर निफाडच्या बाजूला, वर पत्रा. दहा वर्षांचा मुलगा रात्री कुडकुडत उठतो. घरात सासूबाईंच्या चार सुती सहावारी, तीन सिंथेटिक साड्या आणि एक जुनी लोकरी शाल आहे. दुकानदार म्हणतो, ३०० जीएसएमचं फायबर, म्हणजे रजईत भरायचा पॉलिस्टरचा कृत्रिम कापूस, घ्या आणि मोकळ्या व्हा. तर काय करावं?

माझं उत्तर सरळ आहे. काहीही विकत आणायच्या आधी घरात आहे त्यातूनच गोधडी करा. गेली पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात मी एक तरी गोधडी शिवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऊब कापडाची नसते, कापडात अडकून राहिलेल्या हवेची असते. जड पांघरूण म्हणजे गरम पांघरूण, ही समजूत मनातून काढून टाका. एका जाड चादरीपेक्षा सहा पातळ थर जास्त ऊब देतात, कारण दोन थरांच्या मधे हवा राहते आणि ती हलत नाही. जुनी साडी इथे नव्या कापडापेक्षा सरस ठरते. शेकडो धुण्यांनी तिची खळ गेलेली असते, सूत फुललेलं असतं आणि जे आटायचं ते कधीच आटून झालेलं असतं.

आटण्याचं मुद्दाम सांगते. भाच्यासाठी पहिली गोधडी केली तेव्हा मी खालचा थर कोरा मांजरपाट घेतला, न धुता. वरच्या साड्या जुन्या. पहिल्याच धुण्यात मांजरपाट आटला आणि वरची साडी जागोजागी फोडासारखी फुगून आली. सगळे टाके उसवावे लागले. तेव्हापासून नवं कापड घरात आलं की आधी रात्रभर पाण्यात, मग गरम पाण्यात एक धुणं, मगच कात्री.

आता तुमच्या साड्या. सुती कुठली आणि भेसळ कुठली, हे हातावर नेहमी कळत नाही. काठातून एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि सिंकमध्ये किंवा मोरीत काडी लावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, मागे मऊ राख उरते, बोटाने पुसली जाते. सिंथेटिक आक्रसतो आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. केस जळल्याचा वास आला तर ती लोकर किंवा रेशीम. राख पण उरली आणि बारीक मणीही लागला, तर मिश्र सूत आहे. ते मधल्या थराला चालेल.

मग प्रत्येक साडी दोन हातांत ताणून पाहा. निऱ्यांचा आणि टाचेजवळचा भाग आधी विरतो, पदराकडचा बहुतेक धड असतो. जिथे चर्र आवाज येतो तो भाग आत जाऊ द्या. वरचा आणि खालचा थर धड कापडाचाच हवा, रोज हात तिथेच लागतो.

माप ५ फूट बाय साडेसात फूट धरू. एका सहावारीतून साडेसात फुटांचे दोन तुकडे निघतात आणि वर जवळजवळ मीटरभर कापड उरतं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, म्हणजे दोन तुकडे शेजारी जोडले की ९० इंच. तुम्हाला ६० हवेत. उरलेली ३० इंचांची पट्टी दुसऱ्या साडीच्या तशाच पट्टीला जोडली की आणखी एक थर तयार. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, चार साड्यांत सहा. फक्त सगळ्या थरांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. तिथे वरवंट्यासारखा उंचवटा येतो आणि सुईही अडते.

शाल या सहा थरांच्या बरोबर मधे घाला, तीन खाली, तीन वर. लोकर दमट झाली तरी ऊब बऱ्यापैकी धरून ठेवते, सुताला ते जमत नाही. जुनी लोकर अंगाला टोचते, पण मधे गेल्यावर तो प्रश्न उरत नाही. कुणाकडे धनगरी घोंगडीचा धड तुकडा असेल तर तोही असाच वापरता येतो. शाल गोधडीपेक्षा लहान असणार, हरकत नाही. अंग मधेच असतं. आधी ती दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट टाका. कसर लागलेली लोकर आत शिवली तर ती आतल्या आत खात राहते. आणि लोकर आत असलेली गोधडी गरम पाण्यात कधीच घालू नका.

फायबरबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही. ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, तुमच्या मापाला साधारण किलोभर. ते हलकं असतं, पाणी धरत नाही, लवकर वाळतं. मुंबईत, दमट हवेत, वाळत घालायला जागा नसलेल्या घरात मी स्वतः ते सुचवते, तेही २०० चं. पण मुलाला रात्री घाम येत असेल तर तो शोषला जात नाही. शिवाय तुमच्याकडे पारा ५ अंशांच्या खाली गेला की लोक द्राक्षबागांतही शेकोट्या पेटवतात आणि पोरं पांघरूण गुंडाळून शेकोटीशी बसतात. ठिणगी पडली तर सूतही पेटतं, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. या एका कारणासाठी मुलाच्या पांघरुणात मी ते घालणार नाही.

पिंजलेला कापूसही चांगलाच. पिंजारी मिळत असेल तर एवढ्या मापाला किलो-सव्वा किलो पुरे. मात्र शिवण चार-चार बोटांवर हवी, नाहीतर कापूस पायाशी गोळा होतो. वर्ष-दोन वर्षांत तो दबतो, मग पुन्हा पिंजावा लागतो. सावरीचा कापूस उशीत घाला, रजईत नको. त्याचे तंतू गुळगुळीत, एकमेकांना धरत नाहीत. जीन्सचे तुकडेही नकोत. वजन भरपूर, ऊब थोडी.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी विचारत नाही: थंडी खालून येते. मुलगा खाटेवर झोपत असेल तर खालून गार हवा खेळते, फरशीवर असेल तर फरशी ऊब ओढून घेते. वर कितीही घातलं तरी पाठ गारच राहते. त्या तीन सिंथेटिक साड्यांचं काम इथे आहे. त्यांचे थर घालून वर जुनी सुती चादर लावा आणि अंथरायची वेगळी गोधडी करा. अंथरुणाला फुगीर फायबर उपयोगाचं नाही, अंगाच्या भाराने ते दबून चपटं होतं. साड्यांचे घट्ट थर तेवढे दबत नाहीत. सिंथेटिक साड्या शिवताना फार सरकतात, म्हणून कच्चे टाके दाट घाला.

शिवताना थर जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर पाटे किंवा विटा ठेवा आणि कच्चे टाके मधून बाहेरच्या बाजूला घालत जा, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. नंतरचा धावदोरा कसाही घाला. दोरा सुतीच घ्या, चिवट पॉलिस्टर दोरा जुनं कापड कापत जातो. टाके फार आवळू नका, आवळले की आतली हवाच निघून जाते. दोन ओळींत दोन बोटं अंतर पुरे.

वर पातळ सुती खोळ शिवा आणि धुवायची ती खोळच. गोधडीला आठवड्यातून एकदा दुपारचं ऊन दाखवा, रात्री ती फुललेली लागेल.

शालीला भोकं असतील तर आधी रफू करून घ्या. एकदा मधल्या थरात गेली की तिथे हात पोहोचत नाही. आणि साड्या ताणून पाहिल्यावर सहा थर निघाले नाहीत तर किती निघाले ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगते.