भावाला मधुमेह आहे आणि न्यायालयीन कोठडी झाली आहे. तुरुंगात मारामारी होते का? जिवाला कितपत धोका?

मारामारी होते, पण माणसं दगावतात ती बहुतेक आजारपणाने. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी (कैदी) दगावले. अनैसर्गिक मृत्यू १५९, त्यातही ११९ आत्महत्या. तेव्हा भीती घ्यायची तर साखरेची घ्या.

माझा धाकटा भाऊ इन्सुलिनवर होता. कुठल्या जेलात ते लिहीत नाही. तिथे संध्याकाळचं जेवण पाचच्या आत वाटून बराकीला कुलूप. बाकीचे डाळ-चपाती झाकून ठेवत नि आठला खात. ह्याला सुई टोचली की लगेच खावं लागे, मग मध्यरात्री साखर उतरून दरदरून घाम आणि थरथर. कुलूप उघडणार सकाळी! शेजारचा बंदी कॅन्टीनची ग्लुकोज बिस्किटं पाण्यात कालवून त्याच्या तोंडात घालायचा. त्यात दाटी, एका कुशीवर झोपायचं, सगळ्या बराकीला खरूज. खाजवून पायाला जखम झाली, ती चिघळली. सिव्हिलला न्यायला पोलीस गार्ड लागतो, आणि गार्ड कायम कुठल्यातरी बंदोबस्ताला.

थोरल्या मामांचं एकच पालुपद: "अर्जबिर्ज करू नका, साहेब लोक डूख धरतात." वकीलही त्यांच्याच ओळखीतला, "जामीन होतोयच" म्हणत बसला. शेवटी तारखेला आईच कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशांनी अधीक्षकांकडून वैद्यकीय अहवाल मागवला आणि गार्ड लगेच मिळाला. एक बोट काढावं लागलं, पाऊल वाचलं. डूख कोणीही धरला नाही. मामा अजून म्हणतात, योगायोग. अहो, तळोजा जेलात वृद्ध पाद्री स्टॅन स्वामींचे हात पार्किन्सनच्या आजाराने थरथरत, त्यांना पाणी प्यायच्या स्ट्रॉसाठी कोर्टात अर्ज करावा लागला होता. न मागता आत काय मिळणार?

पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्या. डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट जोडा, रात्री जवळ खायला ठेवायची परवानगी त्यातच मागा. व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) हजर करत असतील तर प्रत्यक्ष आणायला सांगा, पडद्यावर पायाची जखम दिसत नाही. वकील टाळत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, कोठडीतल्या कोणालाही.

मी वकील नाही, आणि जेवणाच्या वेळा सगळीकडे सारख्या नसतील, चौकशी करा. जेलचे डॉक्टरही सगळे वाईट नसतात, आमचे पुढे बरे वागले. मात्र घरात "गप्प बसा" म्हणणारं कोणी असेल तर त्याला तारखेला सोबत नेऊ नका.