पिंग येतोय, गेम बंद

प्रश्न : दादा, आम्ही आठ मित्र माईनक्राफ्ट जावा खेळतो, सर्व्हर एकाच्या घरच्या पीसीवर आहे आणि रोज रात्री ग्रुपवर "चालू आहे का रे?" चे मेसेज सुरू. म्हणून मी पायथनमध्ये पिंग मारणारी (त्या पत्त्यावरून नेटवर उत्तर येतं का, एवढंच बघणारी) स्क्रिप्ट लिहिली, ती आपोआप ग्रुपवर टाकते. परवा तिने "चालू" सांगितलं आणि गेम कधीचा क्रॅश झालेला, सगळ्यांनी मलाच धुतलं. आता माईनक्राफ्ट सर्व्हरची खबर काढणारी एमसीस्टेटस लायब्ररी टाकलीये. त्यात स्टेटस येतं पण क्वेरी दर वेळी टाइमआउट. काय चुकतंय? (सांगली)

उत्तर : अरे, तुझा पिंग बहुतेक मित्राच्या घरच्या राऊटरनेच उचलला असणार, त्या बिचाऱ्याला गेमशी काय देणंघेणं! पीसी बंद असला तरी तो "आहे आहे" म्हणत राहील. एमसीस्टेटस तसं करत नाही, ती टीसीपीवर (आधी कनेक्शन जोडून बोलायची नेटची पद्धत) 25565 पोर्टला, म्हणजे गेमच्या ठरलेल्या दाराला, जाऊन थेट गेमशीच बोलते. मल्टिप्लेअरची यादी उघडल्यावर तुझा गेम जे करतो ना, तेच : आधी हँडशेक (ओळखीचा पहिला मेसेज), त्यात "मला खेळायचं नाही, फक्त स्टेटस हवंय" म्हणून 1 आकडा, मग सर्व्हर जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात) व्हर्जन, किती जण आत आहेत, किती जागा, ते सगळं पाठवतो. जावासर्व्हर डॉट लुकअप ला पत्ता दे, स्टेटस माग, झालं.

क्वेरी, म्हणजे प्लेअर्सची पूर्ण यादी वगैरे मागायची दुसरी पद्धत, हे वेगळंच प्रकरण आहे, ती यूडीपीवर (कनेक्शन न जोडता नुसती पाकिटं फेकायची पद्धत) चालते आणि सर्व्हरमध्ये मुळात बंदच असते. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये एनेबल-क्वेरी समोर फॉल्स दिसेल, ते ट्रू करायचं, सर्व्हर रीस्टार्ट करायचा आणि राऊटरमध्ये तोच पोर्ट यूडीपीसाठीही फॉरवर्ड करायचा, म्हणजे बाहेरून आलेलं त्या पीसीकडे वळवायचं. इथेच सगळे अडकतात, टीसीपीचा फॉरवर्ड आधीच केलेला असतो म्हणून वाटतं झालं काम, आणि मग दोन तास लायब्ररीला शिव्या. पण खरं सांगू, तुम्ही आठ जण, तुला क्वेरी लागतेच कशाला? स्टेटसमध्येच प्लेअर्सचं सँपल येतं, साधारण 12 नावांपर्यंत, म्हणजे तुमची अख्खी गँग बसली त्यात. फक्त त्याच फाइलमधली नावं लपवणारी सेटिंग, हाइड-ऑनलाइन-प्लेअर्स, चालू नको.

अजून एक. लायब्ररी साधारण 3 सेकंद थांबते आणि सोडून देते. घरचं नेट म्हटल्यावर एखादं उत्तर हुकणारच, लगेच "सर्व्हर बंद" टाकू नकोस, लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं तर टाक. आणि स्क्रिप्ट त्या मित्राच्याच वायफायवर चालवत असशील तर बाहेरचा पत्ता काही राऊटरमध्ये आतून लागतच नाही, ते वेगळंच नाटक. कोणी मोबाइलवरून बेडरॉक (माईनक्राफ्टची वेगळी आवृत्ती) खेळत असेल तर त्या सर्व्हरसाठी जावासर्व्हरऐवजी बेडरॉकसर्व्हर वापरावं लागतं, यूडीपी 19132.

प्रश्न : मी काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरसाठी एका जुन्या ट्युटोरियलवरून स्वतः सॉकेटचा (सर्व्हरशी थेट बोलणारा) कोड लिहिलाय. उत्तर येतं, पण फक्त 9 बाइट्स, त्यात ना मॅपचं नाव ना प्लेअर्स. सर्व्हर खराब आहे का? (ठाणे)

उत्तर : सर्व्हर ठणठणीत आहे हो, ट्युटोरियल शिळं झालंय. त्या 9 बाइट्समध्ये हेक्समध्ये पाहिलं तर पहिले चार एफएफ असतील, मग 41, आणि उरलेले चार म्हणजे चॅलेंज, तुमचा पत्ता खरा आहे का हे तपासायचा आकडा. तुम्ही पाठवलेल्या 25 बाइट्सच्या मागे ते चार जसेच्या तसे चिकटवा आणि परत पाठवा, मॅप, नाव, सगळं येईल.

2020 च्या डिसेंबरमध्ये काउंटर-स्ट्राइकवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने हे आणलं. कारण असं की यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो, मग कोणीतरी तुमचा पत्ता टाकून हजारो सर्व्हरना छोटासा प्रश्न विचारायचा आणि भलीमोठी उत्तरं येऊन आदळायची तुमच्या डोक्यावर. आता आधी चॅलेंज येतं, ते खऱ्या पत्त्यावरच पोचतं, खोटं बोलणाऱ्याला ते कळतच नाही.

शिकायला म्हणून लिहिताय तर जरूर लिहा, मजा येते. नुसतं काम हवंय तर पायथन-एटूएस लायब्ररी हे सगळं आतल्या आत करते. नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहीत असाल तर गेमडिग लायब्ररी घ्या, त्यात काउंटर-स्ट्राइक आणि माईनक्राफ्ट दोन्ही आहेत, फक्त टाइप बदलायचा.