रूमवर करमत नाही? आधी डबा बंद कर

रूम पार्टनर दर शनिवारी एसटीनं गावाला पळतो आणि रविवार तुला खायला उठतो, हे मला नवीन नाही. साताऱ्यातलं माझं पहिलं सेमिस्टर असंच गेलं. डबा रूमवर यायचा, मोबाईल समोर टेकवून जेवायचो. चपात्या गार, आमटीवर तेलाचा थर. दोन-दोन दिवस कुणाशी धड बोलणं नाही.

तो डबा बंद कर आणि बसून जेवायची खानावळ लाव. वेळ एकच ठेव, रात्री आठ म्हणजे आठ. तेच चेहरे आठवडाभर दिसले की कुणीतरी बोलतंच. माझा आजचा जवळचा दोस्त 'ठेचा घेणार का?' एवढ्यावर मिळाला. माणचा गडी, घरून बरणी आणायचा.

सकाळी अजिंक्यतारा चढ. रोजची म्हातारी मंडळी चार दिवस नुसती बघतात, पाचव्या दिवशी 'कुठला रे तू?' विचारतात. (गाव सांगितलं की पाहुणे निघतात, तयारी ठेव.) एनएसएसला नाव घाल, ते आहेच.

घरी फोन संध्याकाळी कर. रात्री अकराला सगळंच जड वाटतं, वर आईची झोप उडते.

पण झोप-जेवण उडालं, जगणं नकोसं वाटलं, तर माझ्या सल्ल्यावर थांबू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. रूमवर लाज वाटली तर गच्चीवर नको, खाली रस्त्यावर येऊन बोल, नाहीतर मला उठव.

रविवारी सहाला पोवई नाक्यावर ये. चहा माझा.